शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी?

जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपवर शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. मुलांना मजा आली, शाई लावलेल्या बोटांचे फोटो पेपरात आले. पण निवडून आला तो गावातल्या वजनदार घरातला मुलगा, मुख्यमंत्री होऊन त्याने वर्षभर काहीच केलं नाही, आणि सातवीत दोन गट पडले ते दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. यंदा मुख्याध्यापक म्हणतात, १५ ऑगस्टच्या आत निवडणूक उरका, शपथविधी झेंडावंदनालाच करून टाकू. मॅडमना वाटतंय, त्यापेक्षा चार हुशार मुलांची नेमणूक करून मोकळं व्हावं. पटसंख्या दीडशेच्या आसपास.

मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि आपल्या सगळ्यांप्रमाणे खऱ्या निवडणुकांची ड्युटीही केली, मतदान अधिकारी क्रमांक तीनपासून केंद्राध्यक्षापर्यंत. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगतो.

नेमणूक करू नका. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी मधली नीट बघा: मुख्यमंत्र्याने काही केलं नाही. त्याने करायचं होतं तरी काय? बिल्ला होता, शपथ होती, खुर्चीत बसलेला फोटो होता. ठरवण्यासारखं मात्र हातात काही नव्हतं. अशा पदासाठी मत देताना मुलं काय बघणार? ओळखीचा चेहरा, मोठं घर, वर्गाला हसवणारा पोरगा. त्यांनी चुकीचा माणूस निवडला असं मी म्हणणार नाही. ज्या पदाला काम नाही त्यावर कोणीही बसला तरी चालतं, आणि मुलांना हे आपल्याआधी कळतं. तुमचा प्रश्न निवडणूक कशी घ्यावी असा दिसतो. मला तो निवडून आलेल्यांच्या हाती काय द्यायचं, असा वाटतो. ते ठरलं की बाकीची बरीच गाठ सुटते, सगळी नाही.

कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. द्विशिक्षकी शाळा असेल, पंचवीस-तीस मुलं असतील, तर निवडणुकीचा घाट घालूच नये. तिथे सगळ्यांनी गोल बसून सभा घ्यावी आणि कामं दर महिन्याला फिरवावीत. गावात त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर शाळेची बिनदिक्कत पुढे ढकलावी, कारण घरातलं पॅनल दप्तरातून शाळेत येतं. आचारसंहितेच्या काळात तर असले कार्यक्रम नकोतच. आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे मुख्याध्यापक काय काय सोडायला तयार आहेत. त्यांच्याशी अर्धा तास बसून हे आधी ठरवा, निवडणुकीची तारीख नंतर.

सोडता येण्याजोगं बरंच असतं. मधल्या सुट्टीत खेळाचं साहित्य कुणाला कधी मिळेल. वाचनपेटीतली पुस्तकं घरी न्यायचे नियम. परिपाठात कुठल्या वर्गाची पाळी केव्हा. शनिवारच्या उपक्रमातला एक तास कशाचा. स्नेहसंमेलनातले एक-दोन निर्णय. आणि थोडे पैसे. जुन्या वह्या-पेपरांच्या रद्दीचे जे काय चार-पाचशे रुपये येतात ते खर्च करायचा अधिकार निवडून आलेल्या मुलांना द्या, हिशेब लिहून ठेवायच्या अटीवर. एवढ्याशा पैशांवर जी चर्चा होते ती पाहण्यासारखी असते, कारण कॅरमची पावडर आणली तर फुटबॉलचं ब्लॅडर येत नाही.

काय द्यायचं नाही तेही सांगतो. शिक्षा करायचा अधिकार कधीही देऊ नका. कित्येक शाळांत ‘शिस्तमंत्री’ असतो आणि त्याच्या हातात छडी नसली तरी वही असते, बोलणाऱ्यांची नावं लिहायची. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपण मतदानाने निवडायचं आणि आपल्याच मित्रांवर पाळत ठेवायला लावायचं, यातून सत्ता म्हणजे काय याची जी कल्पना त्याच्या डोक्यात बसते ती पुसायला नागरिकशास्त्राचा तास पुरत नाही. हे पद काढून टाका. पोषण आहाराचा शिधा, किचनशेडच्या किल्ल्या, वर्गाच्या किल्ल्या, यातलंही काही नको. ती आपली जबाबदारी आहे. खिचडी खारट झाली हे सांगायची जागा मात्र हवी.

दुसरं, मंत्रिमंडळ हा साचाच मला आठवीपर्यंतच्या शाळेसाठी पटत नाही. आपल्याकडे मुख्यमंत्र्याला लोक थेट मत देत नाहीत. लोक आमदार निवडतात, बहुमताचा नेता मुख्यमंत्री होतो, मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमले जातात. शाळेत आपण मुख्यमंत्री थेट निवडतो, दुसऱ्या नंबरला उपमुख्यमंत्री करतो आणि उरलेल्यांना खाती वाटतो. मग आठवीत संसदीय शासनपद्धती शिकवताना मुलं गोंधळली की आपणच चिडतो. त्यापेक्षा ग्रामपंचायत घ्या. सहावीला ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे, सरपंच मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, ग्रामपंचायतीचं ऑफिस शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतं. कायद्याने ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. तुम्हाला सात पुरतील: पहिली-दुसरीचा मिळून एक प्रभाग, तिसरीपासून आठवीपर्यंत प्रत्येक वर्ग एक. सरपंच थेट सगळ्या शाळेने निवडायचा की सदस्यांनी आपल्यातून, हे आठवीच्या वर्गाला ठरवू द्या. त्यांना सांगा की आपल्या राज्यानेच यावर मत बदललंय. २०१७ मध्ये थेट सरपंच आला, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून निवड आली, २०२२ मध्ये परत थेट. दोन्ही बाजूंनी काय बोललं जातं ते फळ्यावर लिहून घ्या. त्या एका तासात जे होईल ते पुस्तकात नाही.

ग्रामपंचायतीचा साचा घ्यायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. त्यात ग्रामसभा असते. मत देऊन झालेल्या दीडशे मुलांना वर्षभर काहीतरी भूमिका राहते. त्याकडे नंतर येतो.

आरक्षण ठेवा. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. तुमच्या सातपैकी चार जागा मुलींच्या. कुठल्या प्रभागात, ते सोडतीने ठरवा, परिपाठात, सगळ्यांसमोर. डब्यात चिठ्ठ्या टाकून पहिलीच्या मुलाला काढायला सांगा. खऱ्या सोडतीतही चिठ्ठी बहुधा लहान मुलाच्याच हातून काढतात. सोडत निघाल्यावर ज्या वर्गातली जागा मुलींसाठी राखीव निघते तिथले दोन-तीन मुलगे तोंड पाडतात आणि ‘हा अन्याय आहे’ म्हणतात. लगेच समजूत काढायला जाऊ नका. पुढच्या वर्षी जागा फिरणार आहे एवढं सांगा आणि त्या वर्गात एकदा मोजायला लावा, आजवर शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर बोललं कोण आणि रांगोळी काढली कोणी.

आता उमेदवारी. वजनदार घरातल्या मुलाचा प्रश्न इथे येतो. त्याला उभं राहू नको म्हणता येणार नाही, म्हणूही नये; पोराचा काय दोष? माझ्या शाळांत दोन नियम उपयोगी पडले. एक, उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतील, पण त्यांतला एक दुसऱ्या वर्गाचा हवा, आणि दोघांत एक मुलगा व एक मुलगी हवी. वाडी, भावकी, बाकावरचा गट यांच्या बाहेर जाऊन कुणाची तरी सही आणल्याशिवाय अर्जच भरता येत नाही. सातवीत गट पडण्यावर याचा थोडाफार उतारा होतो, कारण गटाबाहेर बोलावंच लागतं. दोन, घराचा पैसा आत येऊ द्यायचा नाही. छापील बॅनर नाही, चॉकलेट नाही, वह्यावाटप तर नाहीच. एका उमेदवाराला एक कार्डशीट, स्वतःच्या हाताने लिहिलेला. पालकांची बैठक असेल तेव्हा हे पालकांनाही सांगा. कोणी ‘मॅडम, पोरांना भेळ देतो’ म्हणत आलंच, तर भेळ घ्या, पण निकालानंतर आणि सगळ्या शाळेच्या नावाने.

चिन्हं द्या, पण राजकीय पक्षांची नकोत. पाटी, छत्री, कंदील, शिट्टी, असली चालतील, फक्त आपल्या भागातल्या कुठल्या पक्षाचं तेच चिन्ह नाही ना हे बघून घ्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होतही नाहीत. आणि ‘तुझ्या घरचे कुणाला मत देतात’ हा प्रश्न वर्गात कुठल्याही निमित्ताने विचारू नका, गमतीतसुद्धा.

‘बिनविरोध’ झाली म्हणून पेढे वाटायची आपल्याकडे पद्धत आहे. काही वेळा ते खरंच समजुतीने होतं. काही वेळा नसतं. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली, कारण तिथे पदांची चक्क बोली लागली होती. वरच्या वर्गांना हे सांगायला हरकत नाही. वर्तमानपत्रात आलेली गोष्ट आहे. शाळेत एखाद्या प्रभागात एकच अर्ज आला तर मी मतदान तरीही घेतो, मतपत्रिकेवर ते एक नाव आणि खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’. हा नोटाचा पर्याय २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आला. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तो निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळं ठरवलं: नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. शाळेत दुसरा नियम लावा. मुलांना तो लगेच पटतो आणि एकट्या उमेदवारालाही दारोदार, म्हणजे बाकोबाक, फिरावं लागतं.

प्रचारात मी सगळ्यांत जास्त वेळ जाहीरनाम्यावर घालवतो. प्रत्येक आश्वासनापुढे तीन गोष्टी लिहायच्या: हे कसं होणार, पैसे कुठून, परवानगी कुणाची. एवढ्याने ‘शाळेत स्विमिंग टँक बांधू’ गळून पडतं. आमच्या एका शाळेत हात धुवायच्या जागेचे नळ मोठ्या मुलांच्या उंचीचे होते. पहिली-दुसरीची पोरं एकमेकांना उचलून धरायची किंवा सरळ हात न धुता खिचडीला बसायची. सरपंचपदाच्या एका उमेदवाराने थंड पाण्याच्या मशीनचं आश्वासन दिलं. दुसरी उमेदवार सहावीतली, फारशी बोलकी नाही. तिने कार्डशीटवर नळाखाली एक पायरी काढली होती, शेजारी लिहिलं होतं, ‘विटा शाळेमागे पडल्या आहेत. सिमेंट ग्रामपंचायत. परवानगी सर.’ प्रश्नोत्तराच्या दिवशी तिसरीतल्या एका पोराने मशीनवाल्याला विचारलं, ‘लाइट गेल्यावर?’ मशीनवाला गप्प. लहान वर्गांची बहुतेक मतं पायरीला गेली असणार, निकालावरून तरी तसंच दिसत होतं.

प्रश्नोत्तराचा हा तास अजिबात वगळू नका. भाषणं पाठ करून येतात, बहुधा घरच्यांनी लिहून दिलेली. प्रश्नांची उत्तरं घरून येत नाहीत. प्रचार मतदानाच्या आदल्या दिवशी बंद. खऱ्या निवडणुकीत मतदान संपण्याच्या ४८ तास आधी बंद होतो तसा.

मतदार यादी मुलांकडूनच करून घ्या. पाचवीकडे हजेऱ्या द्या, प्रभागवार नावं लिहू द्या, आणि प्रारूप यादी तीन दिवस व्हरांड्यात लावा. हरकती लेखी. कुणाचं नाव राहिलेलं असतं, कुणाचं आडनाव चुकलेलं, शाळा सोडून गेलेल्या एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचं नाव तसंच असतं, नव्याने आलेल्याचं नसतं. ‘तो दिवाळीनंतर परत येतो, त्याचं नाव काढायचं का?’ हा प्रश्न आमच्याकडे मुलांनीच काढला होता. मोठ्या माणसांच्या यादीत नाव घालायला नमुना ६, वगळायच्या हरकतीला ७, दुरुस्तीला ८, हे तेव्हा सांगितलं की लक्षात राहतं. तुमच्या शाळेतल्या कुणाकडे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळायचं काम असेल तर त्यांना पंधरा मिनिटं बोलवा, त्यांच्यापेक्षा हे कोण चांगलं सांगणार?

मतदानाला ॲप की कागद? माझं मत कागदाला, निदान पहिल्या वर्षी. ॲपवर बीप वाजतो, मुलं खूश होतात आणि निकाल एका झटक्यात पडद्यावर येतो. मधलं काहीच दिसत नाही. खऱ्या यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमध्ये निदान चिठ्ठी सात सेकंद दिसते, मोबाइलच्या ॲपमध्ये तेही नाही. कागदाची मतपत्रिका उघडता येते, मोजता येते, तिच्यावर भांडता येतं. यंत्र कसं असतं ते दाखवायला ॲप वापरा, निवडणूक कागदावर घ्या.

केंद्रावरची माणसं सगळी मुलंच. आठवीतला केंद्राध्यक्ष, एक अधिकारी नाव मोठ्याने वाचून यादीत खूण करणारा, दुसरा बोटाला शाई लावून सही घेणारा, तिसरा मतपत्रिका देणारा. प्रत्येक उमेदवाराचा एक मतदान प्रतिनिधी बाकावर. सुरुवातीला रिकामी पेटी सगळ्या प्रतिनिधींना दाखवायची, दोऱ्याने बांधायची, गाठीवर कागद चिकटवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. शाई म्हणजे स्केचपेन, डाव्या हाताच्या तर्जनीवर. खऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ती लहान मुलांच्या बोटांना लावायची वस्तू नव्हे. मतदान कक्ष म्हणजे दोन बाकं आणि पुठ्ठा. आपण शिक्षकांनी कक्षाकडे फिरकायचंही नाही. पहिलीचं पोर बाहेर येऊन ‘सर, मी छत्रीला दिलं’ म्हणून ओरडतंच, त्याला कोणी रागवू नये. पुढच्या वर्षी ओरडत नाही.

मतमोजणीचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे कागदाचा आग्रह का ते कळेल. शिक्का होता बाटलीच्या बुचाला रबर चिकटवून केलेली फुली. एका मतपत्रिकेवर दोन फुल्या निघाल्या, एक कंदिलासमोर, एक शिट्टीसमोर. दोन्ही प्रतिनिधी ‘बाद, बाद’ करायला लागले, कारण फरक तीन-चार मतांचाच होता. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बसलेल्या आठवीतल्या मुलीने ती मतपत्रिका उचलली, होती त्याच घडीवर परत दुमडली, उजेडात धरली. दुसरी, पुसट फुली बरोबर पहिलीवर येऊन बसली. ओला शिक्का घडी घालताना पलीकडे उमटला होता. मत कंदिलाला गेलं आणि शिट्टीच्या प्रतिनिधीनेही मान डोलावली. खऱ्या मतदानातल्या शिक्क्याच्या फुलीची टोकं एका दिशेला वळलेली असतात ती याचसाठी, उलटा उमटलेला ठसा ओळखू यावा म्हणून. आणि खरा नियमही असाच आहे, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर निव्वळ ठसा पुसट आहे किंवा दोनदा उमटलाय एवढ्यावरून मत बाद करत नाहीत. हे मी मुलांना त्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

बरोबरी झाली तर चिठ्ठी. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच चिठ्ठीने लागला होता. आणि एका मताने काय होतं असं कोणी विचारलं तर राजस्थानातलं नाथद्वारा सांगा: २००८ च्या विधानसभा निवडणुकीत सी. पी. जोशी तिथे एका मताने हरले.

निकाल कसा जाहीर करायचा यावर शिक्षकांत एकमत नाही. माझे काही सहकारी म्हणतात, सगळ्यांची मतं फळ्यावर लिहा, लोकशाहीत लपवायचं काय? मी लहान वर्गांत तसं करत नाही. दोन मतं पडलेल्या तिसरीतल्या मुलीला वर्षभर ‘दोन मतं’ अशी हाक पडते. आकडे सगळे प्रतिनिधींसमोर मोजलेले असतात, नोंदवहीत लिहिलेले असतात, कुणी मागितले तर दाखवायचे. फळ्यावर एकूण मतदान आणि निवडून आलेल्यांची नावं. सहावीच्या पुढे मात्र सगळे आकडे लिहितो. गुलाल, मिरवणूक, फटाके काही नाही. आणि हरलेल्यांना पहिल्याच बैठकीला बोलवायचं, प्रत्येकाच्या जाहीरनाम्यातलं एक चांगलं काम पंचायतीने विषयपत्रिकेवर घ्यायचं. सातवीतले तुमचे दोन गट दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, कारण निकालानंतर त्यांना एकत्र करायला कामच नव्हतं. एका गटाला पद मिळालं, दुसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या गटातल्या कुणाला रद्दीच्या हिशेबाची तपासणी द्या. हिशेब तपासायला रोज समोर बसावं लागतं.

आता सभा. महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी, सगळी शाळा. तीन दिवस आधी नोटीस फळ्यावर, विषयांसकट. खऱ्या ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती लागते. शाळेत सगळे असतातच, म्हणून मी गणपूर्ती बोलणाऱ्यांची ठेवतो, प्रत्येक वर्गातून निदान एकाने बोललं पाहिजे, नाहीतर विषय पुढच्या सभेला. पंचायतीने मागच्या महिन्यात काय ठरवलं, काय केलं, पैसे किती गेले, हे सरपंचाने वाचून दाखवायचं. मग प्रश्न. इतिवृत्त पाळीपाळीने सहावी-सातवीने लिहायचं. पहिल्या दोन सभा कंटाळवाण्या होतात, मुलं ‘मधली सुट्टी वाढवा’ यापलीकडे जात नाहीत. थांबा. आपण मध्ये बोललो की मुलं आपल्याकडे बघून बोलायला लागतात, म्हणून मी सभेत मागे खिडकीपाशी उभा राहायचो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचो नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे.

मुख्याध्यापकांनी एवढी एक गोष्ट मान्य करायला हवी: सभेच्या ठरावाला ‘नाही’ म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, पण ‘नाही’ कारणासह लेखी द्यायचं आणि ते पुढच्या सभेत वाचायचं. आमच्या एका मुख्याध्यापकांनी ‘मैदानावर सायकली आणू देणार नाही, कारण गेटजवळचा उतार रस्त्यावर जातो आणि ट्रॅक्टर येतात’ असं लिहून दिलं होतं. मुलांनी वाद न घालता मान्य केलं. कारण न देता नाही म्हटलं असतं तर महिनाभर कुरबुर चालली असती.

पायरीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पंचायतीने ठराव केला, मी फक्त अर्जाचा मायना दाखवला. अर्ज दोन प्रतींत लिहिला, चौघं ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक म्हणाले ठेवून जा. सरपंच मुलीने दुसरी प्रत पुढे केली, ‘पोच द्या’. ही गोष्ट तिला वर्गात शिकवली होती; तिथे उभं राहून म्हणणं वेगळं. पोच मिळाली, शिक्का आणि तारीख. महिनाभर काही झालं नाही. सभेत प्रश्न आला, मुलं पोच घेऊन परत गेली. त्यानंतर एक पोतं सिमेंट आलं, गवंडीकाम एका पालकांनी केलं. पायरी थोडी तिरकी झाली आहे, पण पहिलीचा हात नळाला पोचतो. खऱ्या सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत ते काम आपलं म्हणून सांगितलं, यावर मुलं फार चिडली होती. तो आणखी एक तास झाला.

तुमच्याकडे नववी-दहावी नाही, तरी कुणी माध्यमिकचे वाचत असतील म्हणून एवढंच: तिथे विधानसभेचा साचा घ्यायला हरकत नाही, दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेचा पाठ आहे, आणि निवडणूक आयोगाची निवडणूक साक्षरता मंडळं शाळांत नववी ते बारावीसाठी आहेत. आता नावनोंदणीच्या अर्हता तारखा, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असावे लागतात त्या, वर्षातून चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या वर्गात हे सांगून तिथेच अर्ज भरून घेतले तर पुढची धावपळ वाचते.

राहिला १५ ऑगस्ट. त्याच्या आत हे सगळं बसणार नाही, बसवूही नका. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा बरा पडतो, घटक चाचणी आणि गणपती सांभाळून. मुख्याध्यापकांना सांगा की जुलै-ऑगस्टमध्ये अधिकार ठरवू आणि यादी करू, ऑगस्टअखेर सोडत आणि अर्ज, मग प्रचार आणि मतदान. मुदत एका सत्राची ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी निवडणूक, म्हणजे सातवीतल्या हरलेल्यांना वर्षभर थांबावं लागत नाही. झेंडावंदनाला पाहुण्यांना काहीतरी दाखवायचंच असेल, तर शपथविधीच्या जागी पाचवीने केलेली प्रारूप मतदार यादी व्हरांड्यात लावा. पालक त्या दिवशी येतातच, आपल्या पोराचं नाव शोधतील, चुका काढतील. हरकतींचे कोरे कागद आणि एक पेन शेजारी दोऱ्याने बांधून ठेवा.